सांडूच्या विहिरीतली काच

शहरात पुंडलिकनगरच्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून, सांडूचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर, एक टेबल, आणि बाकी सगळीकडं पोट उघडं टाकलेले टीव्ही. मालक बसायचा कुठं, तर दोन टीव्हींच्या मधल्या फटीत. पण हात असा, की गिऱ्हाइकानं "चित्र हलतंय हो" म्हणायची खोटी, सांडू डब्ब्याला कान लावायचा, मागचं झाकण काढायचा आणि समोरचा चहा निवायच्या आत चित्र जागेवर आणायचा. बिडकीनजवळच्या वस्तीवरचा हा दहावी नापास गडी, त्यानं डिग्रीवाल्यांना पाणी पाजलं होतं. असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, कोणी विचारो न विचारो.

त्याची बायको चतुराबाई वस्तीवरच राहायची. दोन एकर रान, चार शेळ्या, आणि रस्त्याच्या कडेला सांडूच्या आज्यानं खणलेली विहीर. सांडू शनिवारी दुपारी दुकान बंद करून मोटारसायकलवर गावाकडं जायचा आणि सोमवारी सकाळी परत यायचा. असं बरं चाललं होतं.

मग बारा-तेराचा दुष्काळ पडला आणि विहीर ठणठणीत कोरडी झाली. आणि त्याच सुमारास बिडकीनच्या आसपासच्या जमिनी कारखान्यांसाठी जाऊ लागल्या. प्यायला पाणी नाही, पण घरात पैसा आला, अशी अवस्था. पैसा आला म्हटल्यावर भिंतीवर चपटा टीव्ही आला. शहरात तर तो आधीच आला होता. सगळ्यांचे जुने डब्बे एकदमच नकोसे झाले. "सांडू, हे धूड घेऊन जा बाबा," असं जो तो म्हणायला लागला, आणि सांडू घेऊन जायला लागला. फुकटचं तांबं कोण सोडतंय?

तांबं निघायचं, लोखंड निघायचं, प्लॅस्टिकलाही कोणी ना कोणी भेटायचं. राहायची ती पिक्चर ट्यूबची जाडजूड काच. भंगारवाला तिला हात लावायचा नाही. "तांबं दे, लोखंड दे, काच तुझी तुला मुबारक," म्हणायचा. नाल्यात टाकावी तर चार लोक बघतात. दुकानात ठेवावी तर सांडूला स्वतःला बाहेर बसावं लागेल. शेवटी त्याला आपली विहीर आठवली. कोरडी विहीर म्हणजे आयता खड्डाच की! त्या वर्षांत तिकडच्या कोरड्या विहिरींत लोकांनी काय काय लोटलं होतं, फाटक्या ठिबकच्या नळ्या, गंजके पत्रे, मोडक्या खाटा. पाणीच नाही म्हटल्यावर विहिरीची इज्जत ती काय राहणार. सांडू दर शनिवारी एक पोतं मोटारसायकलला बांधून न्यायचा आणि कठड्यावरनं खाली सोडून द्यायचा.

"अवो, हिरीत कामून टाकता?" चतुराबाईनं एकदा विचारलं. "उद्या पाणी आलं म्हंजी?"

"आधी येऊ तर दे," सांडू म्हणाला, आणि हात झटकून जेवायला बसला.

पुढल्या साली ज्योतीनगरातल्या प्रमोदिनीबाईंनी त्याला बोलावलं. बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. टीव्ही उचलून तो दारातनं निघाला, तर त्यांनी वाटच अडवली.

"याची काच कुठे जाते, सांडूभाऊ?"

असला प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "कंपनीत जाते, बाई. पक्की," तो म्हणाला. थाप अशी सफाईनं निघाली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "त्या काचेत शिसं असतं. पाण्यात उतरलं की दिसत नाही, चव लागत नाही. पण लहान मुलांच्या पोटात गेलं, तर मूल शिकायलाच मागे पडतं. आम्ही मुलांना हेच शिकवलं आयुष्यभर."

सांडू हो हो करत जिना उतरला. पण बाई काही तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी गल्ली पालथी घातली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या फाटकापाशी टीव्ही, कॉम्प्युटरचे जुने मॉनिटर, बंद पडलेले मोबाईल, रिमोट, सगळं जमा व्हायला लागलं. फाटकावर त्यांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावली, 'नको असलेली विजेची उपकरणं सांडूभाऊ योग्य ठिकाणी पोचवतात'. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा सांडूच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यानं सामान उचललं, तांबं काढलं आणि काच विहिरीत सोडली. मनाची समजूत त्यानं अशी घातली, की पाण्यात उतरतं ना शिसं? मग विहिरीत पाणी आहेच कुठं? वर त्यानं बाभळीच्या काट्या टाकल्या, शेळ्या पडू नयेत म्हणून. म्हणजे तो तसं सांगायचा.

सोळा सालचा एप्रिल. लागोपाठच्या दुष्काळानं माणसं टेकीला आलेली. एका सकाळी कारभारी नानाचा फोन आला. कारभारी वस्तीवरचा वडीलधारा, सांडूच्या चुलत्याच्या वयाचा. त्याचा शब्द वस्तीवर चालायचा.

"सांडू, टँकर मंजूर झाला आपल्याला. दुपारी पहिली खेप हाय. गावची हीर पार ढासळली, तिथं गाडीबी जात नाय. तुझी रस्त्यावर हाय, तुझ्या हिरीत वततो. हरकत नाय ना?"

"नाय नाना, हरकत कसली," सांडूच्या तोंडून निघून गेलं.

"काट्या काढल्या आम्ही. खाली तुझी कायबाय काच दिसू लागली. असू दे, बुडंल. काचंच्या गिलासात पाणी पितोच की आपण!" कारभारी हसला आणि फोन ठेवला.

सांडूच्या हातात सोल्डरिंगची कांडी तशीच राहिली. काच सगळ्यांना ठाऊक होती. काचेत काय आहे, ते वस्तीवर एकट्या सांडूला ठाऊक होतं. तो गप्प बसला असता, तर जन्मात कुणाला कळलं नसतं. वस्ती पाणी प्यायली असती, तिनं त्याला दुवा दिला असता, वर कठड्यावर त्याच्या आज्याचं नावही घातलं असतं. सांडूनं मन घट्ट करून एक रेडिओ उघडायला घेतला. त्याचा स्क्रू काही निघेना. तिसऱ्यांदा घसरला तसा तो उठला, शटर ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली.

पैठणच्या रस्त्यावर रुंदीकरणाचा फुफाटा उडत होता. वाटेत त्यानं एक तोड काढली. खरं कशाला सांगायचं? कठडा खचलाय, बाया पाणी ओढताना पडतील, एवढं म्हटलं की झालं. पाणीही वाचेल आणि आपली अब्रूही. या तोडीवर तो इतका खूश झाला की त्यानं गाडी जरा हळू केली.

वस्तीवर पोचला तर टँकर उभा. सर्जेराव ड्रायव्हर जाड नळी विहिरीकडं ओढत होता. बायांनी हंडे-घागरींची रांग लावली होती. कारभारी नाना डोक्याला पटका बांधून नारळ घेऊन उभा, आणि त्याच्या पायाशी त्याची चार वर्षांची नात तनुजा, हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन. तिला मगानं पाणी काढायचं होतं.

"थांबा थांबा!" सांडू ओरडला. "वतू नका! कठडा खचलाय!"

कारभारीनं नारळ काखेत धरला, कठड्यावर चढला आणि दोन उड्या मारल्या. सत्तरीचं म्हातारं, पण उड्या अशा मारल्या की बाया खुदखुदू लागल्या. "कुठं खचलाय रं? तुझ्या आज्यानं शिशाचा रस वतून बांधल्यागत पक्का हाय!"

म्हातारा आपलं सहज बोलून गेला. पण तो शब्द ऐकला आणि सांडूची नजर खाली वळली. तनुजा मग घेऊन कठड्यापाशी टाचा उंचावत होती.

"नाना," तो म्हणाला, "कठडा बरा हाय. मी खोटं बोललो. ह्या काचंमदी शिसं हाय. पाण्यात उतरतं. दिसत नाय, चव लागत नाय, पण पोरांच्या डोक्यावर जातं. ह्यात पाणी वतू नका."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. सर्जेराव तेवढा म्हणाला, "अहो, मला अजून दोन खेपा मारायच्यात, काय ते लवकर ठरवा."

कारभारी कठड्यावरनं खाली उतरला. "शिसं म्हंजी बंदुकीच्या गोळीतलं?"

"व्हय."

"अन् तुला हे कधीपासनं ठावं हाय?"

इथं आणखी एक थाप मारता आली असती. कालच कळलं, म्हणता आलं असतं. सांडूनं ती मारली नाही. "दोन वर्सं झाली," तो म्हणाला.

"म्हंजी दोन वर्सं तू जानून टाकत व्हतास."

म्हातारा ओरडला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर सांडूला बरंच वाटलं असतं. त्यानं नारळ पिशवीत परत ठेवला, नातीच्या हाताला धरलं आणि घराकडं चालू लागला. सर्जेरावनं नळी रस्त्यावरच सोडली. बायांची एकच झुंबड उडाली, निम्मं पाणी हंड्यात आणि निम्मं मातीत गेलं. आख्ख्या वस्तीचं पाणी असं वाहून जाताना बाया सांडूच्या खानदानाचा उद्धार करत होत्या, आणि तो खाली मान घालून ऐकत उभा होता. चतुराबाई रांगेत शेवटी होती. तिची घागर रिकामीच राहिली.

ती रिकामी घागर कमरेवर घेऊन ती नवऱ्यापाशी आली. आता ही काय बोलते, असं त्याला झालं.

"दोर आना," ती म्हणाली. "अन् टोपलं."

एकोणीस दिवस ते दोघं विहीर उपसत होते. दुकानाला कुलूप. सांडू तोंडाला ओला रुमाल बांधून खाली उतरायचा, पायात गमबूट, हातात जुन्या पोत्याचे शिवलेले मोजे. काच वेचायची, टोपल्यात भरायची, आणि वरनं चतुराबाई ओढायची. तिच्या तळहाताचे फोड फुटले, त्यावर तिनं चिंधी बांधली आणि ओढत राहिली. वस्तीवरचं कुणी फिरकलं नाही. टँकर रोज यायचा, रस्त्यावर ठेवलेल्या पिंपांत पाणी सोडून जायचा, आणि पिंपांवर रोज भांडणं व्हायची. ती सांडूला खाली ऐकू यायची.

नवव्या दिवशी भाकरी खाताना चतुराबाई म्हणाली, "मी इचारलं व्हतं तुमाला."

"व्हय. मीच उडवून लावलं."

"मला सांगितलं असतं, तं मी टाकू दिलं नसतं." एवढं बोलली आणि मग तिनं त्याला चटणी वाढली. ती चटणी वाढली गेली याचंच त्याला रडू आलं.

काच निघाली, तळाची वीतभर मातीही खरवडून झाली. त्रेपन्न पोती भरली. आता ती टाकायची कुठं? पुन्हा तोच प्रश्न, जो बाईंनी दारात विचारला होता. सांडू ज्योतीनगरात गेला. प्रमोदिनीबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यानं उन्हात उभं राहून सगळं सांगितलं.

बाईंचा हात कुरडईवरच थांबला. "आमचे बावीस टीव्ही?"

"बावीस टीव्ही अन् आठ मॉनिटर, बाई."

"मी तुमच्या नावाची पाटी लावली होती हो," बाई म्हणाल्या. त्या खाली उतरल्या. सांडू मागोमाग. फाटकापाशी जाऊन त्यांनी पाटी काढली, पदरानं पुसली आणि काखेत धरली. त्यांना फार लागलं होतं, आणि ते लपवायची त्यांची रीत नव्हती. मग वळून त्यांनी विचारलं, "पोती कुठे आहेत?"

बाईंचा एक जुना विद्यार्थी, श्रीनिवास, ई-कचऱ्यावर काम करणाऱ्या एका परवानाधारक कारखान्यात होता. त्यानं आधी नन्नाचा पाढा लावला. मातीत मिसळलेली काच आम्ही घेत नाही, म्हणाला. "शाळेत तुला प्रयोगवहीशिवाय परीक्षेला बसू दिलं होतं, ते विसरलास का?" बाईंनी फोनवरच झापलं. तेव्हा तो अटीवर आला. काच आणि माती वेगळी करा, दोन्ही आणा, पण धुवायची नाही. धुतलेलं पाणी पुन्हा जमिनीतच जाणार. त्यामुळं सांडू आणि चतुराबाईनं ताडपत्री अंथरून ती सगळी काच कोरडीच चाळली आणि भाड्याच्या टेम्पोतनं पोचवली.

तिथं सांडूनं जे पाहिलं, ते त्याला जन्मभर पुरलं. पिक्चर ट्यूबला एक तापलेली तार गुंडाळतात, आणि पुढची काच मागच्या काचेपासून अशी अलगद सुटते की टवकाही उडत नाही. आतली पांढरी भुकटी यंत्रानं ओढून घेतात. शिशाची काच वेगळी, बिनशिशाची वेगळी, सर्किटाच्या पाट्या वेगळ्या. माणसांच्या तोंडाला मुखवटे. आणि आपण काय करायचो, तर हातोडा घालून फोडायचो! चांगल्या कारागिराला दुसऱ्याचं नेटकं काम बघून जी लाज वाटते, ती सांडूला वाटली. तो दुपारभर तिथनं हलला नाही. शेवटी श्रीनिवासनं त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

दुकान पुन्हा उघडलं, पण रीत बदलली. दुरुस्त होण्याजोगं असेल ते दुरुस्त करायचं. नाहीच झालं तर न फोडता, सगळंच्या सगळं बांधून कारखान्यात द्यायचं, आणि तिथली शिक्क्याची पोच आणून ज्याची वस्तू त्याच्या हातात ठेवायची. कुणी म्हणालं, "राहू दे हो सांडूभाऊ, विश्वास आहे," की सांडू चिडायचा. "विश्वास ठेवू नका! बसा गाडीवर, दाखवतो." एका कापड दुकानदाराला तर त्यानं खरोखरच दुपारच्या उन्हात तिथवर नेऊन आणलं. तो बिचारा पुढं महिनाभर सगळ्यांना तेच सांगत होता. वर्षभरानं प्रमोदिनीबाईंनी फाटकावर पाटी परत लावली. या वेळी खाली एक ओळ जास्तीची होती, 'पोच मागून घ्यावी'.

इकडं सोळाच्याच पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं. सांडूनं वर जाळी बसवली, बाटली भरून तपासणीला दिली. शिसं मर्यादेच्या आत आहे, असा रिपोर्ट आला. सांडू तो घेऊन कारभारी नानाच्या घरी गेला. नाना ओट्यावर बसला होता. त्यानं रिपोर्टाकडं पाहिलं नाही आणि सांडूकडंही पाहिलं नाही. सांडूनं कागद ओट्यावर ठेवला, वारा लागू नये म्हणून त्यावर खडा ठेवला आणि माघारी आला. वस्तीवरचं कुणीही त्या विहिरीचं पाणी पीत नव्हतं. गुरंसुद्धा तिथं नेत नव्हतं.

दर सहा महिन्यांनी सांडू पाणी तपासून घ्यायचा, कागद ओट्यावर ठेवायचा, खडा ठेवायचा. असे सहा कागद झाले. नाना बोलला नाही. चतुराबाई म्हणायची, "कशाला जाता? म्हातारं आडमुठं हाय." सांडू म्हणायचा, "आडमुठं नाय गं. बरोबर हाय त्याचं." पण मनातनं त्याला फार वाटायचं, एकदा तरी नानानं हाक मारावी.

एकोणीसच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर आले. विहीर पुन्हा तळाला गेली होती. सांडूला गावाकडून या वेळी फोन आला नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठं?

मे महिन्यातली सकाळ. सांडू मिक्सर उघडून बसला होता. दुकानाच्या दारात सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं, तर कारभारी नाना! घामानं भिजलेला, आणि खांद्यावर धोतरात बांधलेला डब्बा टीव्ही. बिडकीनहून एसटीनं आला होता. सांडूनं धावत जाऊन टीव्ही उतरवून घेतला आणि त्याला लगेच ओळख पटली. दुकान टाकलं त्या साली त्यानं स्वतःच्या हातानं जोडून नानाला दिलेला, तोच हा.

"मेला," नाना म्हणाला. "पोरं म्हनले, टाकून देऊ कुठंतरी. मी म्हनलं, हात लावू नका."

तीन वर्षांनी ऐकलेला तो आवाज. सांडूनं स्टूल पुसलं. "बसा नाना. पानी घ्या." तो माठाकडं वळला.

"तुझं नको. मी आनलंय." नानानं पिशवीतनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "आठ दिस झाले, टँकर तुझ्या हिरीत वततो आम्ही."

सांडूनं हातातला पेला माठावर पालथा घातला.

"ते सहाबी कागद आमच्या तनुजानं वाचून दाखवले मला. दुसरीत गेली ती. आडखळत वाचते, पन आकडे बरोबर सांगते. तिलाबी तेच पानी देतो." नानानं बूच काढलं. "आता तू पी."

सांडूनं बाटली घेतली. डोळ्यांतनं पाणी येत होतं, आणि म्हाताऱ्यासमोर ते पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती. तो घटाघटा प्यायला आणि रिकामी बाटली जपून टेबलावर ठेवली.

नानानं टीव्हीवर हात ठेवला. "आता ह्याचं सांग. ह्याची काच कुठं जाते?"

सांडूनं मिक्सर बाजूला सारला, शटर ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली. "बसा मागं," तो म्हणाला. "दाखवतो."

आणि कारभारी नाना टीव्ही मांडीवर घेऊन त्याच्या मागं बसला.